मेढीवरचा कॅमेरा

कालपासून शेजारच्या वावरात मळणीयंत्र सुरू झालंय. दिवसभर त्याची घरघर, आणि वाऱ्याबरोबर उडून येणारा बारीक कोंडा. ओसरीवर बसलं तरी पापण्यांवर बसतो, चहात पडतो. नव्या इंद्रायणीचा वास त्यातूनही येतो. शिजल्यावर येतो तो नव्हे. तो पुण्यामुंबईच्या लोकांना माहीत आहे, त्यासाठीच ते पिशव्या घेऊन येतात. मी म्हणतोय तो अर्धवट वाळलेल्या पेंढ्याचा, उन्हात तापलेल्या सारवणाचा आणि थोडा बैलाच्या अंगाचा. हल्ली त्यातून बैलाचा वास निघून गेलाय. उरलंय तेवढ्यावर भागवायचं.

सकाळी धरणावर धुकं असतं. धुक्यातून पलीकडच्या काठावरचे तंबू दिसतात, निळे, केशरी, भुईछत्र्यांसारखे उगवलेले. पवनानगरकडून येणाऱ्या जीपा मध्येच थांबतात, पोरंपोरी उतरतात, तुंगाचा सुळका पाठीशी घेऊन स्वतःचे फोटो काढतात आणि परत जीपमध्ये बसतात. माझा त्यांच्यावर राग नाही. आम्हाला धुकं कधी सुंदर वाटलं नाही, एवढंच. धुकं म्हणजे खळं ओलं, आणि खळं ओलं म्हणजे ऊन वर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. आता मात्र मीही धुक्याकडं बघत बसतो. आधी असा बसलेला दिसलो की आतून आवाज यायचा, "झालं का दर्शन धरणाचं? मग श्यान काढा गोठ्यातलं."

तो आवाज ठकूचा. माझी बायको. ह्या चैत्रात गेली. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, आणि मी तांब्या भरून आणेपर्यंत संपलं होतं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायचं आहे ते गेल्या वर्षीच्या मळणीबद्दल. कारण तो एक हंगाम माझ्याकडं अजून आहे. आठवणीत सगळ्यांकडंच असतो, तसा नाही. सामान ठेवायच्या फळीवर एका डब्यात आहे.

गेल्या वर्षी दिवाळी उरकली आणि मुक्ता आणि निखिल आमच्या वाडीत आले. पुण्यात चित्रं, कॅमेरे, कॉम्प्युटर असलं सगळं शिकवायचं कॉलेज आहे, तिथं शिकून ही दोघं पुढं संशोधन करतात. मी शाळेला फार दिवस गेलो नाही. संशोधन म्हटलं की मला बियाणं आठवतं. मी विचारलं, कसलं संशोधन.

मुक्ता म्हणाली, "आबा, गोष्ट दाखवायच्या नवीन तऱ्हा शोधतोय आम्ही."

"म्हंजे सिनेमा काढताय व्हय?"

"सिनेमा नाही. सिनेमात तुम्ही खुर्चीत बसता आणि गोष्ट समोर असते. आम्हाला बघायचंय, बघणारा गोष्टीच्या मधोमध असला आणि गोष्ट त्याच्या चारी बाजूंनी चाललेली असली तर काय होतं. तो कुठं बघेल, काय बघायचं राहून जाईल."

ठकू चुलीपाशी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग ह्यांला मधी हुबं करा. ह्यांला लय आवडतं मधी हुबं ऱ्हायाला."

पोरं हसली, आणि घरातली होऊन गेली. तो सगळा हंगाम आमच्या मागच्या खोलीत राहिली.

खरं सांगायचं तर बैलांची मळणी आम्ही कधीच सोडली होती. यंत्र बांधावर येतं, काम करतं, निघून जातं. पण ह्यांना बैलांचीच पाहिजे होती. मी सरळ नकार दिला. लोकांना दाखवायला म्हणून बैल फिरवायचे, हे मला पटेना. ठकू म्हणाली, "घरच्यापुरतं एक खळं करू की. बैलं नुसती हुबी ऱ्हाऊन माजल्यात. आन तुमी बी." मग केलं. जागा खणली, चोपली, शेणानं सारवली. मधोमध मेढ रोवली. मेढ म्हणजे खांब. बैल त्याला बांधतात आणि ते त्याच्याभोवती फिरतात, पायाखाली भात. खळ्यात कोणी चपला घालत नाही. निखिलनं बूट काढले, मोजे काढले, आणि सारवणावर पांढरे पाय ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिला. "गार आहे," म्हणाला. ठकूला तो तिथंच आवडला. त्या दिवसापासून दुधावरची साय त्याच्या वाटीत पडायला लागली. माझ्या नाही.

त्यांचा कॅमेरा मक्याच्या कणसाएवढा. एक डोळा इकडं, एक तिकडं, आणि एका बाजूला मिणमिणता हिरवा दिवा. मुक्ताला तो बरोबर मध्ये पाहिजे होता, म्हणून मेढीच्या डोक्यावर बसवला. बसवताना तिनं सगळ्यांना सांगितलं, "याला पुढची बाजू, मागची बाजू असं काही नाही हां. याला पाठच नाही. सगळीकडचं दिसतं याला." आम्ही माना हलवल्या. मान हलवली म्हणजे समजलं, असं शहरातली माणसं धरून चालतात. मागचा डोळा मला दिसला होता, नाही असं नाही. पण पहिला बिघडला तर असावा म्हणून तो दिला असेल, असं मी आपलं ठरवून टाकलं. जीपला मागं चाक लावलेलं असतं तसं. आणि वाडीच्या लेखी दिवा जिकडं, तिकडं तोंड.

म्हणून सगळे दिव्याकडच्या बाजूला. मी ठेवणीतला सदरा घातला, मळणीला. शेजारचे दोघं-तिघं केस विंचरून आले आणि काही कारण नसताना बैलांच्या मागं चालू लागले. मोऱ्या आणि पाखऱ्या, आमचे बैल, तेवढे नेहमीसारखे वागले.

आणि ठकू गेली दिव्याच्या मागं. तिथं बसून तिचं काम चाललं. जे काही केलं ते तिथं.

त्यात नवल काहीच नव्हतं. फोटो म्हटलं की ती उठून जायची. आमच्या मुलाचं, दत्ताचं लग्न झालं, त्या सगळ्या अल्बमात तिचा एक हात आहे, वाढताना. आधारकार्डाला बसवली तर इंजेक्शन घ्यायला बसल्यासारखी डोळे मिटून बसली, आणि फोटोही तसाच निघाला, अर्धा मिटलेला. तिच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता, कानापासून हनुवटीपर्यंत. पावसाळ्याआधी आम्ही राब भाजतो, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमिनीवर शेणकूट, पालापाचोळा पसरून पेटवतो. लहानपणी त्यात पडली होती. मी आपलं मनाशी धरलं होतं की डागामुळं फोटो नको म्हणते. विषय काढला नाही. कशाला काढा, तिला लागायचं.

ती गेल्यावर दहाव्याला पाटावर ठेवायला फोटो पाहिजे होता. तळेगावात दत्ता नोकरी करतो, तिथं जाऊन त्यानं आधारचा फोटो मोठा करून आणला. मोठा केल्यावर तो फुटला. सगळे ठिपके ठिपके. लोक येऊन त्याच्यापुढं वाकत होते आणि मी बघत होतो की ही कोण बाई.

मुक्ता दहाव्याला आली होती. मागं बायकांत बसली, भांडी घासली, संध्याकाळच्या एसटीनं गेली. एक शब्द बोलली नाही. बोलण्यासारखं तिच्याकडं काय होतं ते मला श्रावणात कळलं. तेव्हा मी तिला म्हटलं, "आगं, मग दहाव्यालाच का न्हाई सांगितलंस?" ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं आबा." खरं होतं. इतकं शिकलेल्या माणसाला थांबता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी त्या पोरीचं देणं लागतो ते आधी ह्या थांबण्याचं.

श्रावणात आमच्याकडं ऊन-पाऊस एकमेकांच्या मागं पळत असतात. भात गुडघ्याला लागलं होतं. ओसरीवर माझ्यासमोर बसून मुक्तानं पिशवीतून एक डबा काढला. आत काळा चष्मा, टांग्याच्या घोड्याच्या झापडांसारखा. म्हणाली, "आबा, आम्ही पुण्याला जाऊन चित्रण जोडायला घेतलं तेव्हा मला दिसलं. माझ्याकडं ठकूमावशी आहेत. पूर्ण हंगामभराच्या. सगळे पुढं उभे राहिले आणि त्या मागं काम करत राहिल्या. पण त्यांना माहीत नव्हतं की त्या दिसतायत. हे लोकांना दाखवायचं आहे आम्हाला, लोणावळ्यात. त्यांना विचारायचं राहिलं माझ्याकडून. आता तुम्हाला विचारायला आले. नको म्हणालात तर तेवढ्या भागातून त्यांना काढून टाकते. मागं रिकामं सारवण राहील."

आमच्या बायका लावणीला वाकल्या की रस्त्यावर गाड्या थांबतात. लोक उतरून फोटो काढतात, जातात. चिखलात वाकलेल्या बाईला आजवर कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही. आणि ही पोर, हातात सगळं असताना, पावसात भिजत विचारायला आली होती.

मी चष्मा डोळ्याला लावला. आधी अंधार. मग एकदम ऊन. माझ्या ओसरीवर पाऊस पडत होता आणि डोळ्यांत मार्गशीर्षाचं ऊन. मी खळ्याच्या मधोमध होतो, मेढीच्या जागी. माझ्याभोवती बैल फिरत होते. आणि त्यांच्या मागून मी स्वतः, तो सदरा घालून, छाती काढून, दर थोड्या वेळानं दिव्याकडं बघत. इतका बावळट माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"मागं वळा," मुक्ता म्हणाली.

वळलो. खुर्ची पडली, पडू दिली.

ठकू पेंढ्यावर बसली होती. पदर डोक्यावरून खाली आलेला, डावा गाल सगळा उघडा, त्याच्यावर ऊन. सुपात मूठभर भात घेऊन तिनं एक दाणा दातांखाली धरला, कट्‌ करून फोडला, वाळलाय का बघायला. मग कोंबड्यांना शिव्या दिल्या. मग शेजारी बसलेल्या गोदा वहिनीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, कोपरानं ढोसलं आणि उठून उभी राहिली. छाती पुढं काढली, हात मागं बांधले, मान ताठ केली आणि दोन पावलं चालली. मी चालतो तशी. हुबेहूब. "बगा, सरपंच निगालं," म्हणाली. वहिनी पेंढ्यावर आडवी झाली हसून. आणि ठकू हसली, तोंडाला पदर न लावता, सगळं तोंड उघडून.

आमचा संसार एवढा झाला, आणि माझी ही नक्कल मला माहीत नव्हती. माझ्या पाठीमागं रोज चालत असणार.

मी हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही. चष्मा काढला तेव्हा मुक्ता पडलेली खुर्ची उचलत होती, आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ह्याबद्दलही तिचे आभार.

जाताना मुक्तानं तो डबा माझ्याकडंच ठेवला. रविवारी दत्ता आला. त्यालाही दाखवलं. तो पुष्कळ वेळ चष्मा काढेना, नुसता मान इकडंतिकडं फिरवत बसला. मग म्हणाला, "आई हसतीया, आबा." आणि डोळे पुसून झाल्यावर निखिलला फोन लावला. आमचा दत्ता कारखान्यात नोकरीला, त्याला प्रत्येक गोष्टीत दुरुस्ती दिसते. "दादा, तो गालावरचा डाग तेवढा काढता येईल का?" निखिल पलीकडून म्हणाला, येईल, हल्ली कॉम्प्युटर स्वतःच करतो, कळणारसुद्धा नाही. दत्ता माझ्याकडं वळला.

"आबा, तिला कायम त्याचंच वाटायचं ना? मग एकदा तरी बिनडागाची दिसू दे की. लोक बघणार हायेत."

वाईट काही नव्हता बोलत. आईवरच्या मायेनंच बोलत होता. पण आता तीन रस्ते झाले. तिला सगळीच काढून टाकायची, डाग काढून ठेवायची, नाहीतर होती तशी लोकांपुढं ठेवायची, जे तिनं जन्मभर होऊ दिलं नाही. आणि जिला विचारायचं तीच नाही. रागानं मी दत्ताला म्हणालो, तुला कळत नाही. मलाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोदा वहिनीकडं गेलो. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"काय भावजी, आज वाट चुकला?"

"वहिनी, एक इचारायचंय. ठकू फोटोला का लपायची?"

"ती कवा लपली?"

"डागापायी."

"कसला डाग?"

मी माझ्या गालाला बोट लावलं. वहिनीनं सूप खाली ठेवलं.

"आवो, त्यो डाग तर ती पोरास्नी धरून धरून दाखवायची. राब भाजायच्या वक्ताला. हात लाव म्हनायची, बग कसा खडबडीत लागतोय, आता जाशील का इस्तवाजवळ? वाडीतली समदी पोरं त्याला हात लावून मोटी झाली. तुमचा दत्त्या बी."

"मग फोटो?"

"फोटोवाला काय म्हनतो? हात खाली सोडा, हलू नका, हितं बगा. तिला हात रिकामं ठिवता यायचं न्हाईत, भावजी. दत्त्याच्या लग्नात त्यानं बोलावली तर मला म्हनली, तितं एवडी मानसं जेवायची ऱ्हायल्यात आन मी हितं खांबावानी हुबी ऱ्हाऊ? मेल्याव पडायचंच हाय की गप." वहिनीनं सूप परत मांडीवर घेतलं. "तेवडीच तिला लाज. दुसरी कसली न्हवती. तुमाला ठाव न्हवतं?"

"न्हाई."

"मग आज कसं काय इचाराया आला?"

मी सांगितलं सगळं. नकलेचंही सांगितलं. वहिनी आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला, मग पदरातूनच म्हणाली, "मी बी हाय म्हना त्यात?"

"हाय की. आडवी पडून हसतीयास."

"मग मला पुसून टाकू नका म्हनावं. आन तिला बी. दोगी हाय तर दोगी ऱ्हाऊ द्या."

परत येताना बांधावर बसलो. वहिनीचा शब्द म्हणजे ठकूचा शब्द नव्हे, एवढं मला समजतं. मेलेल्या माणसाच्या वतीनं बोलायला सगळेच तयार असतात. पण मी त्या चित्रातली ठकू डोळ्यांपुढं आणली. एका ठिकाणीही तिचे हात रिकामे नव्हते. नक्कल करायला उठली तेवढाच वेळ ते पाठीमागं बांधले होते, आणि ते माझे हात होते. तिला कोणी थांबवलं नव्हतं, सरळ उभी केली नव्हती, हस म्हटलं नव्हतं. ज्याला ती फोटो म्हणायची, तो हा नव्हताच. मी मुक्ताला कळवलं. आहे तशी ठेवा. डागासकट. दत्ता म्हणाला, "मला आठवतंय आबा, त्याला हात लावलेला." पुढं तो विषय निघाला नाही.

एकच अडचण राहिली. मुक्ता म्हणाली, बैल मागं गेले तरी लोक ते फिरून समोर यायची वाट बघतील आणि वळणारच नाहीत. म्हणून त्या जागी एक बाण दाखवायचा, की मागं बघा. नाहीतर मागून घंटा वाजवायची. बघणाऱ्याची मान कशानं वळते हेच ती दोघं शोधत होती, त्याच्या बऱ्याच युक्त्या त्यांनी करून बघितल्या होत्या.

मी म्हटलं, "बाण नको. ती कुणाला बोलवाया गेली न्हवती."

"आबा, मग पुष्कळ लोक त्यांना न बघताच जातील."

"जाऊ द्या."

बोलायला सोपं होतं.

ह्या कार्तिकात लोणावळ्याला ते भरलं. स्टेशनच्या पलीकडं एक हॉल, त्यात फिरती स्टुलं, प्रत्येकाला एक चष्मा, आणि शेजारी पडदा. चष्म्यातला माणूस जिकडं बघेल ते पडद्यावर दिसायचं. दत्तानं मला मोटारसायकलवरून नेलं. हवा छान होती, थंडी नुकती लागलेली, बाजारात चिक्कीच्या दुकानांपुढं गर्दी, आणि त्या गर्दीतले काही लोक बॉक्स हातात घेऊन आत यायचे. मी दाराशी उभा राहिलो. माझी ओळख करून देऊ नका, असं मी आधीच बजावलं होतं.

एक तरुण बसला. पडद्यावर बैल, बैल, बैल. "छान आहेत बैल," म्हणाला आणि उठला. नवराबायको आली. बैल, थोडं आकाश, तुंग, बैल. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडंच बघत राहिले, चष्म्यातल्या माझ्याकडं, सदऱ्यातल्या. मुलं गरागरा फिरली, त्यांना सगळं दिसलं असेल आणि काहीच दिसलं नसेल. असे किती आले आणि गेले. सगळ्यांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, ठकू दाणे फोडत होती, हसत होती, आणि कोणी वळत नव्हतं. मला वाटलं होतं मी हे सहन करेन. माझे हात शिवशिवायला लागले. एकेकाच्या खांद्याला धरून फिरवावं असं वाटलं. बाण नको म्हणणारा मी कोण. तिला कोणी बघू नये असं तिनं थोडंच म्हटलं होतं. तिला फक्त थांबायचं नव्हतं.

मुक्ता जवळ आली. हळूच म्हणाली, "आबा, अजून लावता येईल. पाच मिनिटांचं काम आहे. लावू?"

मी व्हय म्हणायच्या बेतात होतो.

तेवढ्यात एक बाई येऊन बसली. जाडशी, मुंबईची असावी, पायात पांढरे बूट, मांडीवर चिक्कीची पिशवी घट्ट धरलेली. पडद्यावर बैल सुटत होते, मळणी संपत आली होती. बहुतेक लोक इथवर थांबतही नव्हते. बैल गेले, माणसं गेली, मीही गेलो. खळं रिकामं झालं. बाई बसून राहिली. मग पडदा हलला आणि तिची मान हळूहळू वळायला लागली. कशानं वळली ते मुक्ता आणि निखिल शोधतील. मला दिसलं एवढंच, की पडद्यावर सारवण सरकलं, पेंढ्याचा ढीग सरकला, आणि ठकू आली.

कमरेत वाकून, हातात केरसुणी. खळ्याच्या कडेला उडालेले दाणे ती मध्ये लोटत होती, मेढीकडं, म्हणजे त्या बाईकडं. एक फटकारा, एक पाऊल. डावा गाल उन्हात. जवळ आली, आणखी जवळ आली, केरसुणी अगदी पायाशी आली.

बाईनं दोन्ही पाय वर उचलले.

घरात कोणी झाडत आलं की आपण उचलतो तसे. मांडीवरची पिशवी छातीशी धरून, स्टुलावर तोल सांभाळत, ती पाय अधांतरी धरून बसली. माझ्या शेजारी मुक्ताही बघत होती. मी तिच्याकडं बघून मान हलवली. बाण नको.

ठकूनं त्या पायांखालचं झाडून घेतलं, दाणे पुढं लोटले आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली. तेव्हा कुठं त्या बाईनं पाय खाली टेकले.